अर्धा फूट मागे

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
तुमची खुर्ची तिच्या खुर्चीच्या अर्धा फूट मागे.
शेजारी नको. पुढे तर नकोच.
मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघही मारली.
एकतीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई मी,
मागे बसायला शिकायचं तर साठी उलटावी लागली.

तळवलीची चांगुणा मढवी, वय त्रेचाळीस.
घरात चांगी.
कागदावर ‘सदर महिला’.
बापाची खाडीलगतची शेती सिडकोत गेली,
साडेबारा टक्क्यांत जो तुकडा परत आला
त्यावर आता सात मजले चढायचे होते.
सगळ्यांच्या सह्या झालेल्या,
एक अंगठा तेवढा राहिला होता.

भाऊ वाईट नव्हते.
थोरल्याने तिला त्या दिवसासाठी साडी आणली होती,
आवडती, पोपटी,
धाकट्याने गाडीत पुढची सीट दिली.

त्याआधी सहा आठवडे आम्ही चित्रं मांडत बसायचो,
एक घराचं, एक नोटांचं, एक सहीचं,
एक ‘नको’ म्हणणाऱ्या हाताचं.
हक्कसोड म्हणजे काय, हे मी चार तऱ्हांनी सांगितलं.
ती दर वेळी विचारायची,
यात कोंबऱ्या कुठं हायेत?
शेवटी मी कोंबड्याही काढल्या. वाईट काढल्या.
ती हसली, आणि त्या उचलून घराच्या आत ठेवल्या.

कोपरखैरण्याचं नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.
साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
‘यांना कळतं का?’
मी म्हटलं, त्यांना विचारा.
‘बरं. मग विचारा यांना, कळतं का.’
पुन्हा मलाच.

थोरल्याने तिचा हात धरला,
रस्ता ओलांडताना धरतो तसा, सवयीने,
आणि जांभळ्या शाईच्या डबीकडे नेला.
तिने हिसका दिला नाही.
अंगठा फक्त आत मुडपला
आणि चार बोटांनी वरून झाकला.

माझ्या तोंडात कलम होतं, पोटकलम होतं,
सन्मान हा शब्द असलेलं एक घोटीव वाक्य होतं.
जिभेच्या टोकापर्यंत आलं.
पंखा फिरत होता.
कुणाचा तरी फोन वाजून वाजून थांबला.
अर्धा फूट केवढा लांब असतो
हे मला तिथे कळलं.

मग ती म्हणाली,
‘मना खोली पायजे. कडीची.’
वकील म्हणाले, आहे की हो, खोलीला कडी आहे.
‘ती भायेरनं हाय.
मना आतनं पायजे.’

धाकटा टेबलाच्या पायाकडे बघू लागला.
त्याच घरात वाढलेला तो,
रात्री ती कडी कोण लावतं
हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, परत काढलं.
‘बाई, काय लिहू?’
या वेळी मान तिच्याकडे होती.
‘कडी,’ ती म्हणाली.
त्यांनी लिहिलं.
काम झालं नाही. पुढच्या महिन्याची तारीख पडली,
थोरला जिन्यावरून एकटाच पुढे गेला,
पोपटी साडीचा बोळा वर धरून ती हळूहळू उतरली,
प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

विजय वगैरे नाही. मी त्या रात्री झोपले नाही.
भावाशी ती एकाच ताटात जेवते, हे मला माहीत आहे,
आणि मी बुधवारीच येते, हेही.

खाली उसाच्या गाड्यावर मी सांगून टाकलं,
दोन ग्लास. एक बिनबर्फाचा,
हिचा घसा धरतो.
तिने माझी बाही ओढली.
‘मना बरफ पायजे.’

रसवाला माझ्याकडे बघत राहिला.
मी समोरच्या बसथांब्याकडे बघत राहिले,
एक बस गेली, दुसरी गेली,
शेवटी वैतागून त्याने तिलाच विचारलं,
किती खडे?

तिने बोटं मोजली. पाच, म्हणाली.
मग थांबून,
सहा.